स्पायडर-मॅन २ (२००४) : काय जमलंय, काय फसलंय?

गिरगाव_स्लो · शुक्रवार, रात्री १०:१५

या धाग्यावर एकाच चित्रपटाबद्दल बोलू. दिग्दर्शक सॅम रेमीचा ‘स्पायडर-मॅन २’. ‘आवडला’, ‘भारी आहे’ एवढ्यावर थांबू नका. कुठला प्रसंग, त्यात नेमकं काय केलंय, आणि ते का चाललं किंवा कुठे अडलं, ते लिहा. शेवटासकट सगळं उघड होणार आहे, तेव्हा ज्यांचा बघायचा राहिलाय त्यांनी आधी बघून यावं.

सुरुवात मी करतो. या सिक्वेलचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे त्यातला पैशाचा आणि वेळेचा हिशेब. पहिली वीस-पंचवीस मिनिटं या नजरेने बघा. पीटर पार्करची, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडर-मॅनची, पिझ्झा पोचवायची नोकरी २९ मिनिटांच्या हमीपायी जाते. वर्तमानपत्राला फोटो विकून पैसे मिळतात, पण त्यातून आधी घेतलेली उचलसुद्धा फिटत नाही. मे काकू वाढदिवसाला वीस डॉलर हातावर ठेवते, तर ती नोट घरमालक डिटकोविच भाड्यापोटी काढून घेतो. कॉलेजात प्राध्यापक कॉनर्स नापास करायच्या बेतात आहेत. ज्या मेरी जेनवर त्याचं प्रेम आहे तिच्या नाटकाला पीटर उशिरा पोचतो आणि दारावरचा माणूस आत सोडत नाही. प्रत्येक तोट्यामागचं कारण एकच, आणि ते कुणालाही सांगता येत नाही. पहिल्या भागात शक्ती मिळाल्याचा आनंद होता, इथे तिचा हप्ता भरायचाय. मुंबईत डिपॉझिट आणि भाड्याची तारीख ज्यांना ठाऊक आहे त्यांना पीटरच्या त्या खोलीबद्दल वेगळं काही सांगायला नको.

यातूनच पुढचं घडतं. शक्ती एकदम जात नाही. आधी जाळं निघेनासं होतं, भिंतीवरची पकड सुटते, चष्मा परत लागतो. पायरीपायरीने गेल्यामुळे ती मनाच्या थकव्यातून जातेय हे वेगळं सांगावं लागत नाही. डॉक्टरकडचा प्रसंगही म्हणून छोटा ठेवता आलाय.

फसलंय कुठे, तर परत येताना. जायला एवढ्या पायऱ्या, आणि यायला? कॅफेची काच फुटते, पाठीवर चार यांत्रिक भुजा असलेला खलनायक, शास्त्रज्ञ डॉक ऑक (ऑक्टोपस), मेरी जेनला पळवून नेतो आणि शक्ती क्षणात हजर. मला हे घाईचं वाटतं. तुम्हाला?

कट_टू_दादर · शुक्रवार, रात्री ११:०२

घाईचं आहे हे मान्य, पण खरी चूक मला त्याच्याही आधी दिसते.

जळत्या इमारतीचा प्रसंग आठवा. पीटरकडे काहीही शक्ती नाही. आत एक मूल अडकलंय म्हटल्यावर तो साध्या कपड्यांत आत शिरतो, जमीन खचते, लटकतो, कसाबसा मुलीला घेऊन बाहेर येतो. बाहेर आल्यावर कळतं की चौथ्या मजल्यावरचं एक माणूस वाचलं नाही. लेखनाच्या दृष्टीने चित्रपटाचा कणा हा आहे. अनोळखी जीव, स्वतःकडे काही नाही, तरी गेला. शक्ती परत यायची पहिली खूण इथे किंवा याच्या मागोमाग दिसायला हवी होती. जाळ्याचा एक धागा, एक क्षणभर पकड, तेवढंसुद्धा पुरलं असतं.

त्याऐवजी मे काकूचं भाषण येतं, मग पीटर गच्चीवरून उडी मारून बघतो आणि पाठीवर आपटतो, आणि शेवटी शक्ती येते ती प्रेयसीवर संकट आल्यावर. म्हणजे परक्यासाठी जिवावर उदार झाला तेव्हा काही नाही, आपल्या माणसासाठी सगळं. कथेचा जो मुद्दा आहे त्याच्या हे बरोबर उलट जातं. घाई ही संकलनाची अडचण असते, दोन शॉट वाढवून सुटते. ही पटकथेची आहे. कथेवर आल्फ्रेड गॉफ, माइल्स मिलर आणि मायकल शेबॉन अशा तिघांचं नाव आहे आणि पटकथा आल्व्हिन सार्जंटची. सार्जंट माणसामाणसांतले प्रसंग फार हळुवार लिहितो, ते प्रसंग आजही टवटवीत आहेत. प्रसंगांमधली ही एक साखळी मात्र ढिली राहिली.

अमृता_बोरिवली · शनिवार, सकाळी ८:२०

कट_टू, आगीचा मुद्दा एकदम पटला. त्याला जोडून लिहिते.

‘आपल्या माणसासाठी’ म्हणताना ते माणूस कथेत काय करतंय तेही बघायला हवं. मेरी जेनला पहिल्या भागात उंचावर टांगलं होतं, इथे धक्क्यावरच्या अड्ड्यात बांधून ठेवलंय. दोन्हीकडे ओरडणं एवढंच काम. आणि हे खटकतं, कारण उरलेल्या चित्रपटात तिला स्वतःचं आयुष्य दिलंय. ती रंगभूमीवर ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’मध्ये काम करते, शहरभर तिचे फलक लागलेत, लग्न ठरलंय, आणि पीटरला ती स्पष्ट सांगते की रिकाम्या खुर्चीची वाट बघण्यात तिला रस नाही. एवढी उभी केलेली बाई शेवटच्या अर्ध्या तासात सामानासारखी इकडून तिकडे नेली जाते.

पण शेवट तिने वाचवलाय. आतापर्यंत ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणत पीटर परस्पर निर्णय घेत होता. ती लग्नमंडपातून निघून त्याच्या दारात येते आणि धोका पत्करायचा की नाही हे मी ठरवणार, असं सांगते. मग सायरन वाजतो, तो जातो, आणि शेवटचा शॉट त्याच्या उड्डाणावर न थांबता तिच्या काळजीत पडलेल्या चेहऱ्यावर थांबतो. सुपरहिरोपटात शेवटची फ्रेम मागे राहणाऱ्या माणसाला देणं ही मोठी निवड आहे.

मे काकूच्या कबुलीच्या प्रसंगाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? बेनकाकाच्या मृत्यूला आपण कसे कारणीभूत झालो हे पीटर टेबलाशी बसून सांगतो. मे काकू झालेली रोझमेरी हॅरिस एक शब्द बोलत नाही. पीटरच्या हातात असलेला हात मागे घेते आणि उठून वर जाते. पुढे तिने त्याला माफ केल्याचं आपण ऐकतो ते घर रिकामं करताना, सामानाच्या खोक्यांमध्ये. घर जातंय आणि माफी मिळतेय, एकाच प्रसंगात. हे असं रचायला धीर लागतो.

चर्चगेट_फास्ट · शनिवार, सकाळी ११:४५

सुसाट सुटलेली रेल्वेगाडी स्पायडर-मॅन जाळ्यांनी थांबवतो, त्या गाडीच्या प्रसंगावर येऊ या, कारण लोकलच्या शहरात त्यावर बोलायचं नाही असं होणार नाही.

आधी जागा. मॅनहॅटनच्या मध्यभागी अशी उन्नत रेल्वे नाहीच. तिथली शेवटची, थर्ड अॅव्हेन्यूवरची, १९५५ मध्ये बंद झाली. पडद्यावर दिसते ती शिकागोची उन्नत रेल्वे, न्यूयॉर्कची पाटी लावलेली. शिकागोत रूळ इमारतींना खेटून जातात आणि दोन्ही बाजूंना जाळं चिकटवायला भिंती मिळतात. प्रसंगाला नेमकं तेच हवं होतं. त्यामुळे ही भौगोलिक चूक मला माफ आहे.

दुसरं, डब्याच्या टपावरची मारामारी. शिकागो काय, न्यूयॉर्क काय, गाडीला वीज मिळते ती रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून, साधारण ६०० व्होल्ट डीसी. टप मोकळा असतो. आपल्याकडे डोक्यावर २५,००० व्होल्ट एसीची तार आहे. टपावर उभं राहिलेल्या माणसाला तारेला हात लावायचीही गरज नसते, पुरेसा जवळ गेला तरी वीज झेप घेते. हा प्रसंग चर्चगेट ते विरार मार्गावर लिहायचा असता तर सगळा डब्याच्या दारांत आणि आत लिहावा लागला असता.

आता थांबवणं. गाडी सहा डब्यांची धरा, प्रवाशांसकट डब्याला ४० टन, म्हणजे एकूण २४० टन. वेग सेकंदाला २४ मीटर, ताशी ८६ किलोमीटरच्या आसपास. गतिज ऊर्जा = ½ × २,४०,००० × २४ × २४ = सुमारे ६.९ कोटी ज्यूल. ही ऊर्जा किती अंतरात संपवायची यावर सगळं ठरतं.

५० मीटरमध्ये थांबवली तर सरासरी बळ सुमारे १४ लाख न्यूटन, म्हणजे १४० टनांचं वजन ओढल्यासारखं. मंदन ५.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. आतली उभी माणसं एकमेकांवर फेकली जातील, हाडं मोडतील.

५०० मीटरमध्ये थांबवली तर बळ १.४ लाख न्यूटन, म्हणजे १४ टन. मंदन फक्त ०.५८. स्टेशनात गाडी थांबताना जाणवतं तेवढंच. वेळ लागेल ४२ सेकंद.

चित्रपटात ती बराच वेळ घेत थांबते, जाळी ताणत जातात, भिंतींच्या विटा उपटून येतात. म्हणजे ‘हळूहळू ताणलं जाणारं जाळं’ ही कल्पना भौतिकशास्त्राला धरूनच आहे. २०१३ मध्ये इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी गच्च भरलेली गाडी धरून हाच हिशेब केला होता, त्यांचं उत्तर सुमारे ३ लाख न्यूटन आलं. जाळ्याला लागणारा चिवटपणा खऱ्या कोळ्याच्या चांगल्या रेशमाच्या टप्प्यात बसतो, असंही त्यांना आढळलं.

कच्चा दुवा वेगळाच आहे. डॉक ऑक नियंत्रणाचा दांडा उपटून फेकतो आणि गाडी सुसाट सुटते. रेल्वेचे ब्रेक याच्या उलट तत्त्वावर चालतात. मोटरमनचा हात डेडमॅन हँडलवरून सुटला की ब्रेक लागतो. नळीतली हवा गेली की ब्रेक लागतो. बिघाड झाला तर गाडी थांबली पाहिजे, हा पाया. दांडा उपटल्यावर ती तिथेच थांबायला हवी होती. एवढंच दाखवायचं होतं की तो मोटर चालू स्थितीत अडकवतो आणि ब्रेकची यंत्रणा वेगळी फोडतो. भुजा चार आहेत, तीन सेकंदांचा शॉट पुरला असता.

कट_टू_दादर · शनिवार, दुपारी १२:३०

चर्चगेट_फास्ट, डेडमॅनचा मुद्दा झकास. त्याच प्रसंगाची रचना सांगतो, कारण मारामारी कशी बांधायची याचा हा धडा आहे.

घड्याळाचा मनोरा, तिथून टप, टपावरून डब्याची बाजू, बाजूने आत, आतून पुन्हा बाहेर आणि शेवटी गाडीचं तोंड. दर वेळी जागा बदलते आणि जागेबरोबर अडचण बदलते. मनोऱ्यावर उंची, टपावर वारा आणि पूल, आत निरपराध माणसं, तोंडावर वेग. एकच अडचण दोनदा येत नाही. म्हणून एवढा लांब प्रसंग असूनही कंटाळा येत नाही.

थांबवायचे प्रयत्नही तीन. पहिला, पाय रुळांवर टेकवून. लाकडं फुटतात, जमत नाही. दुसरा, दोन्ही बाजूंना एकेक जाळं. भिंत तुटते. तिसरा, दोन्ही हातांनी जाळ्यांचा मारा. पहिले दोन फसल्याशिवाय तिसऱ्याला किंमत नसते. आणि धुमसणारा मुखवटा त्याने त्याआधीच काढून टाकलाय, त्यामुळे ताण आपल्याला पीटर झालेल्या टोबी मग्वायरच्या चेहऱ्यावर दिसतो. मुखवट्याआड हाच शॉट निम्माही चालला नसता.

नंतर बेशुद्ध पीटरला प्रवासी डोक्यांवरून आत नेतात. गर्दीच्या डब्यात एखादी पिशवी हातोहात पुढे सरकते तसं. मग कुणीतरी म्हणतं, हा तर पोरगाच आहे. इथे सगळा गोंगाट बंद केलाय. रेमीने ही शांतता भरपूर वेळ चालू दिलीय, आणि तिच्यामुळे आधीच्या धुमश्चक्रीला अर्थ येतो.

नोड_ट्री · शनिवार, संध्याकाळी ७:१०

व्हीएफएक्सबद्दल, म्हणजे दृश्यपरिणामांबद्दल, थोडं लांब लिहितो, कारण यावर ‘तेव्हाच्या मानाने चांगलं’ असं मोघम बोललं जातं. २००५ चं दृश्यपरिणामांचं ऑस्कर याला मिळालं आणि त्यात बाहुल्यांचा वाटा मोठा आहे.

डॉक ऑकच्या भुजा एज एफएक्स या कंपनीने खऱ्या, हातांनी हलवायच्या बाहुल्यांसारख्या बनवल्या होत्या. एकेका भुजेला चार माणसं, म्हणजे चार भुजांना सोळा. ऑक झालेल्या आल्फ्रेड मोलिनाच्या कमरेला आणि पाठीला धातू-रबराचा पट्टा. माणसं त्याच्याबरोबर प्रत्येक प्रसंगाची तालीम करायची, भुजेची हालचाल त्याच्या स्नायूंतून निघाल्यासारखी वाटावी म्हणून. चष्मा काढणं, सिगार पेटवणं अशी नाजूक कामं वरच्या उजव्या भुजेकडे होती. ती एक बाई हाताळायची, म्हणून मोलिनाने तिचं नाव ‘फ्लो’ ठेवलं होतं. विभागणी सोपी होती. ऑक भुजांना वागवतोय तिथे बाहुली, भुजा ऑकला उचलून चालताहेत तिथे संगणक, आणि मोलिनाला उचलून फिरवायला २० फुटी सांगाडा. रेमी आधी बाहुलीने जमतंय का ते बघायचा, न जमल्यास संगणक.

हे का चालतं? खऱ्या वस्तूवर सेटचाच प्रकाश पडतो, तिची सावली नटाच्या अंगावर पडते, आणि नटाला बघायला समोर काहीतरी असतं. या तिन्ही गोष्टी नंतर संगणकावर घालायच्या तर प्रत्येकीला वेगळे कष्ट, आणि एक जरी चुकली तरी डोळ्याला कळतं.

भुजांच्या पसाऱ्यासाठी फ्रेमही बदलली. पहिला भाग १.८५:१ (रुंदी:उंची) मध्ये आहे, हा २.३९:१ मध्ये. छायाचित्रणकार बिल पोप. चार भुजा आडव्या पसरल्या तरी माणूस मध्ये मोठा दिसतो, ही रुंद फ्रेमची कमाई. मोबाइलवर बाजू कापून ‘पूर्ण पडदा’ करून बघणाऱ्यांनो, तुम्ही भुजाच कापताय.

आता जिथे फसतं ते. बँकेबाहेर भिंतीवरची मारामारी, जिथे मे काकूला उचलून वर नेलंय. फ्रेम थांबवून बघा. डिजिटल शरीरं रबरासारखी वाटतात. कारण वजन. माणूस उडी मारतो तेव्हा आधी खाली बसतो, वर जाताना हळू होत जातो, पडताना वेग वाढतो, टेकताना गुडघे मुडपतात. इथे काही शॉटमध्ये वेग जवळपास सारखाच राहतो, टेकणं अर्धवट आहे. वर भर दुपारचं ऊन. रात्री ज्या चुका अंधार झाकतो त्या उन्हात उघड्या पडतात. चेहऱ्यांसाठी पॉल डेबेव्हेक यांचं लाइट स्टेज तंत्र वापरलंय, नटाचा चेहरा अनेक दिशांच्या प्रकाशात टिपून ठेवायचा आणि मग हवा तो प्रकाश त्यावर घडवायचा. म्हणून मधल्या अंतरावरचे डिजिटल चेहरे आजही टिकतात. हालचाल मागे पडली, त्वचा नाही.

शेवटी कोसळणाऱ्या धक्क्यासाठी एक चतुर्थांश आकाराची प्रतिकृतीही बांधली होती. अशा कामाचा नियम सांगतो. प्रतिकृती मूळच्या १/४ असेल तर कॅमेरा ४ च्या वर्गमूळाने, म्हणजे दुप्पट वेगाने, २४ ऐवजी ४८ फ्रेमने चालवायचा, तर पडणारी वस्तू जड वाटते. पाणी मात्र फसवतं. थेंब लहान करता येत नाहीत, त्यामुळे प्रतिकृती फार छोटी केली की थेंब फुटबॉलएवढे दिसतात. म्हणून पाण्याची प्रतिकृती मोठीच ठेवतात.

माटुंगा_ध्वनी · शनिवार, रात्री ९:५५

नोड_ट्री, भुजांचं निम्मं काम आवाजाने केलंय. त्यात सर्व्हो मोटरची घरघर मुद्दाम टाळली. यंत्रमानवाचा आवाज आला की त्या भुजा शरीराचा भाग वाटणार नाहीत, म्हणून मोटरसायकलच्या साखळ्या आणि पियानोच्या तारा वापरल्या. साखळीतून वजन येतं, तारेतून ताण. हेडफोन लावून ऐका, भुजा शांत असताना तारेचा अंश जास्त लागतो, चिडल्या की साखळी वर येते.

शस्त्रक्रियेच्या खोलीतला प्रसंग तर ध्वनीवरच उभा आहे. पार्श्वसंगीत नाही. करवत, किंकाळ्या, जमिनीवर ओरखडत जाणारी नखं, भिंतीवर सावल्या. रक्त जवळजवळ दिसत नाही, म्हणून लहान मुलांनाही दाखवता येतं, आणि तरी अंगावर काटा येतो. रेमी भयपटांतून आलाय ते इथे कळतं. संगीत असतं तर कधी दचकायचं ते आधीच कळलं असतं.

संगीतात मात्र शिवण दिसते. संगीतकार डॅनी एल्फमनचं रेमीशी बिनसलं आणि काही भागांसाठी ख्रिस्तोफर यंगचं संगीत आलं. तिसऱ्या भागाला तर यंगच आहे. काही जागी मूळ सुरावट ज्या आत्मविश्वासाने येते तो बाकीच्या जागी नाही. ध्वनीमिश्रण आणि ध्वनीसंकलन दोन्हीसाठी ऑस्करचं नामांकन होतं, मिळालं नाही.

घरी बघताना एक काळजी घ्या. टीव्हीच्या स्पीकरवर ५.१ चा (सहा स्पीकरसाठीचा) ट्रॅक लावला तर संवाद बुडतात आणि मारामारी अंगावर येते. सेटिंगमध्ये स्टीरिओ निवडा.

तुर्भे_प्लाझ्मा · रविवार, सकाळी १०:०५

खलनायकाच्या योजनेवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ऑकला ट्रिटियम वापरून संलयन, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा, घडवायचंय. विज्ञानाची बाजू सगळ्यात कच्ची आहे.

ट्रिटियम हे हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप, अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं. दुर्मीळ आहे हे खरं, पण आपल्याकडे तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकांसारख्या जडपाण्याच्या अणुभट्ट्यांत ते आपोआप तयार होत असतं. चित्रपटातला गोळा ‘स्वतःच पेटत राहतो’ आणि शहर गिळायला निघतो, हे उलटं आहे. संलयनाची अडचण कायम एकच, ते चालू ठेवणं. गांधीनगरच्या ‘आदित्य’सारख्या टोकामाक यंत्रात प्लाझ्मा, म्हणजे प्रचंड तापलेला विद्युतभारित वायू, चुंबकीय क्षेत्रात धरून ठेवावा लागतो. पकड सुटली, भिंतीला लागला की क्षणात थंड होतो. भट्टीसारखा भडकत नाही. म्हणजे ऑकने यंत्राची वीज बंद केली असती तरी पुरलं असतं, नदीत बुडवायची गरज नव्हती.

लोखंडी चमचे-काटे ओढणारा एवढा मोठा गोळा आणि माणसांना मात्र साधी ऊबही लागत नाही, हे तर सोडूनच देतो.

अमृता_बोरिवली · रविवार, सकाळी ११:३०

विज्ञान सोडा, त्याहून साधी गोष्ट. पीटरचा मित्र हॅरी ऑकला सांगतो की स्पायडर-मॅन कुठे आहे ते पीटर पार्करला ठाऊक असतं, त्याला विचार, पण त्याला इजा करू नकोस. आणि ऑक काय करतो? तो बसलाय त्या कॅफेच्या काचेतून मोटार फेकतो. शक्ती नेमकी तेव्हा परत आली म्हणून, नाहीतर पत्ता सांगणारा एकमेव माणूस तिथेच मेला असता. धडाक्याने प्रवेश हवा म्हणून पात्राची अक्कल काढून घेतलीय.

गिरगाव_स्लो · रविवार, दुपारी १:००

हा मला आतापर्यंतचा सगळ्यात पक्का आक्षेप वाटतो. यावर बचाव नाही. काच तर फुटायलाच हवी होती, भुजेने मोटार बाजूला भिरकावली असती तरी फुटली असती.

तुर्भे_प्लाझ्मा, तुमचं शास्त्र मान्य, तरी बुडवण्याला नाट्यात कारण आहे. भुजांना मेंदूवर ताबा घेऊ न देणारी मानेवरची चिप फुटल्यापासून भुजा त्याला सांगत आल्यात आणि तो ऐकत आलाय. शेवटी तो भुजांना हुकूम देतो, त्या ऐकतात, आणि तो स्वतःच्या हाताने स्वतःचं स्वप्न पाण्यात नेतो. वीज बंद केली असती तर हे घडलं नसतं. चिपमुळे त्याचा दोष थोडा हलका होतो, ही कमकुवत बाजू. पण परतीचा रस्ताही तिनेच ठेवलाय. १९६३ मध्ये कॉमिकमध्ये आलेला ऑक्टोपस एवढा करुण नव्हता. चित्रपटाने त्याला बायको दिली, जेवणाच्या टेबलावर पीटरशी कवितेवर बोलायला लावलं आणि मग ते सगळं काढून घेतलं.

वडाळा_डोम · रविवार, दुपारी ३:४०

बॅटमॅनच्या ‘द डार्क नाइट’शी तुलना होणारच, तर दोन ओळी. तिथे शहर हा विषय आहे, इथे एक मुलगा. तिथे खलनायकाला भूतकाळ मुद्दाम दिलेला नाही, इथे खलनायकाचा भूतकाळ हीच त्याची ताकद. दोन्ही आपापल्या जागी. वर-खाली लावण्यात वेळ घालवू नये.

एक राहिलं. सुरुवातीची श्रेयनामावली. कॉमिक चित्रकार अॅलेक्स रॉसच्या चित्रांमधून पहिल्या भागाची अख्खी गोष्ट एका शब्दाशिवाय सांगून टाकलीय. आज पुढच्या भागाची पहिली दहा मिनिटं ‘आठवतंय ना’ म्हणण्यात जातात.

लालबाग_डबिंग · रविवार, संध्याकाळी ६:२५

मराठीत डब करायचा झाला तर काय लागेल, त्यावर थोडं. पीटरच्या वडिलांच्या भावाची बायको ती, म्हणजे ‘मे काकू’. नातं शब्दातच येतं, हा आपला फायदा. तोटा असा की मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा लांब होतं आणि क्रियापद शेवटी येतं.

क्रम असा ठेवतात. आधी मूळ वाक्याची अक्षरं मोजायची. मग ओठ मिटणारे उच्चार बघायचे, प, फ, ब, भ, म. नटाचे ओठ वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी मिटत असतील तर तिथे मराठीतही यांतलंच अक्षर हवं. मधल्या जागी थोडं इकडेतिकडे चालतं. श्वासाच्या जागा मात्र तशाच ठेवायच्या. मुखवटा असेल तिथे ओठांची अट नाही, फक्त डोक्याच्या हालचालीशी जोर जुळवायचा. म्हणून स्पायडर-मॅन सोपा आणि वर्तमानपत्राचा संपादक जेमसन सगळ्यात अवघड. ती भूमिका करणारा जे. के. सिमन्स श्वास न घेता बोलतो. त्याला ग्रांथिक मराठी दिली की मेलाच. वर्तमानपत्राच्या कचेरीतली, दोन-तीन अक्षरांच्या शब्दांची, तुटक मराठी हवी. ‘फोटो कुठाय? हा? भिकार. तीनशे. नीघ.’ असं.

चर्चगेट_फास्ट · रविवार, रात्री ८:१०

‘२.१’ नावाची वाढीव आवृत्ती कुणी तुलना करून बघितलीय का? गाडीचा प्रसंग तिच्यात मोठा आहे असं दिसतं.

कट_टू_दादर · रविवार, रात्री ८:५०

हो. ती २००७ मध्ये डीव्हीडीवर आली, सुमारे आठ मिनिटांनी लांब. मूळ चित्रपट १२७ मिनिटांचा. गाडीच्या प्रसंगात वाढवलेले फटके बरे आहेत, पण गरज नव्हती. लिफ्टमधला प्रसंग वेगळ्या संवादांचा आहे, मला मूळचा जास्त आवडतो, त्यातली अवघडलेली शांतता नेमकी आहे. जेमसन स्वतःच स्पायडर-मॅनचा पोशाख घालून टेबलावर उड्या मारतो तो तुकडाही यात आहे. हसू येतं, पण ज्याला त्या पोशाखाचा द्वेष आहे त्याच्या मनात काय दडलंय ते इतकं उघड दाखवलं की पुढचे त्याचे प्रसंग सौम्य होतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला मूळच दाखवा.

गिरगाव_स्लो · रविवार, रात्री ९:३०

धन्यवाद. पुढच्या शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना प्रोजेक्टरवर दाखवायचाय, मूळच दाखवू. इंटरव्हल कुठे घ्यावा? मूळ चित्रपटात तो नाही, आणि मुलं दोन तास बसणार नाहीत.

कट_टू_दादर · रविवार, रात्री ९:४२

घड्याळ बघून मध्यावर कापू नका, संवादाच्या मधोमध तुटेल. साधारण मध्याच्या जवळच पीटर गल्लीतल्या कचऱ्याच्या डब्यावर पोशाख टाकून पाठ फिरवून चालू लागतो. कॉमिकच्या १९६७ च्या पन्नासाव्या अंकातल्या, चित्रकार रोमिटाच्या चित्राची ती जवळपास प्रतिकृती आहे. पोशाख समोर, माणूस दूर जाताना मागे. तो फ्रेमच्या आत लहान होईपर्यंत थांबा, मग पॉज करा, आणि दिवे लावायच्या आधी पाच-सहा सेकंद ते चित्र पडद्यावर तसंच राहू दे.

नोड_ट्री · रविवार, रात्री ९:५८

आणि प्रोजेक्टरचं गुणोत्तर आधी तपासा. १६:९ च्या पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या पाहिजेत. नसतील तर कुणीतरी झूम लावलाय, तो काढा. नाहीतर मागच्या दोन भुजा भिंतीवर जातील.